पटावरचा हिरवा ट्रक

जानराव माझा धाकटा दीर. मी नवरी म्हणून या घरात आले तेव्हा तो अकरा वर्षांचा होता. सगळी पोरं नवरीचं तोंड पाहायला धावली, हा बैलांच्या दमणीखाली शिरला. आसाला वंगण आहे की नाही ते पाहून, तोंडाला काळं लावून बाहेर आला अन म्हणाला, "वयनी, तुमची दमणी कुरकुरते." हे त्याचं माझ्याशी पहिलं बोलणं. मला वाटलं होतं पोरगा पाया पडेल.

एकोणिसाव्या वर्षी तो मिल्ट्रीत गेला. तिथं त्याच्या हाती बंदुकीपेक्षा स्टेअरिंगच जास्त आलं. पहाडातल्या चौक्यांवर रेशन, कोळसा, रजया पोचवणारे मोठे ट्रक चालवायचा. हवालदार होऊन परतला अन शेलूबाजारला हायवेच्या कडेला गॅरेज टाकलं. जीपवाले त्याच्याकडे यायचे. बोनेट उघडायच्या आधी तो डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकायचा, डॉक्टर नाडी पाहतो तसा. लोक म्हणत, जानरावनं हात लावलेली गाडी वाटेत दगा देत नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकायची. तो आपल्या बाजूच्या सीटवर कोणाला बसवायचा नाही. दुरुस्त केलेली गाडी एकटाच चालवून पाहायचा. त्याच्या बायकोला, म्हणजे माझ्या जावेला, मंगरूळला दवाखान्यात जायचं असलं तरी ती भाड्याच्या काळीपिवळी जीपमध्ये दाटीवाटीनं बसून जायची. "नवरा डायवर, अन मी टिकीट काढून फिरते," असं ती चारचौघींत सांगायची. आम्ही हसायचो. त्याला कंजूष म्हणायचो.

अकरा वर्षांपूर्वी जाऊ वारली. तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी परसात तांदूळ निवडत बसले होते. जानराव आला अन समोर उकिडवा बसला.

"वयनी, हरिसिंग गाडी चालवत नव्हता."

मला आधी कळेचना हा कुठल्या हरिसिंगचं बोलतो आहे. मग आठवला. पोहरादेवीजवळच्या बंजारा तांड्यावरचा पोरगा, जानरावच्याच कंपनीत होता. एकाच जिल्ह्याचे म्हणून दोघांची गट्टी. सुट्टीत दोनदा आमच्या घरी उतरला होता, माझ्या हातची भाकर अन तिळाची चटणी खाऊन गेला होता. मोठ्यानं हसायचा. अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात ट्रक दरीत गेला अन त्यात तो मेला, एवढं आम्हाला माहीत होतं. जानराव त्याच गाडीत होता अन वाचला, म्हणून मी देवीला खण-नारळ वाहिलं होतं.

"गाडी चालवायची पारी त्याची होती," जानराव म्हणाला. "पन त्याले ताप होता. मी म्हनलं, तू झोप, मी चालवतो. दोन रात्रीचा मी जागा होतो. वळणावर डोळा लागला. गाडी कलली तशी मले जाग आली, अन मी दार उघडून उडी टाकली. तो बाजूले कांबळ घेऊन झोपून होता. त्याले आवाज बी नाई देला मी."

मी परात खाली ठेवली.

"साहेबानं विचारलं, गाडी कोन चालवत होतं? मी म्हनलं, हरिसिंग. कागदावर त्याचीच पारी होती."

मग हरिसिंगची सामानाची पेटी घेऊन जानरावच तांड्यावर गेला होता. तिथं सोमला नावाच्या एका माणसानं सगळ्यांसमोर विचारलं, तिकडे रम भेटते म्हणतात, पिऊन होता का? जानरावनं मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा लोकांना जो अर्थ लागायचा तो लागला. तेव्हापासून तांड्यात हरिसिंगचं नाव एकच. दारू पिऊन सरकारी ट्रक दरीत घालणारा. त्याची बायको ललिताबाई तेव्हा बावीस वर्षांची होती, पोरगी रेणू सहा महिन्यांची.

जानराव माझ्याकडे पाहत राहिला. मी म्हटलं, "झालं ते झालं, भाऊजी. आता सांगून मेल्या माणसाले काय फरक पडते?"

आयुष्यात मी त्याला पुष्कळ सल्ले दिले. तंबाखू सोडा, दुसरं लग्न करा, चष्मा बदला. एकही ऐकला नाही. हा मात्र नेमका ऐकला.

दोन वर्षांमागं तो रामनवमीच्या यात्रेत पोहरादेवीला गेला होता, कोणाची तरी जीप बंद पडली म्हणून. गर्दीत दोन माणसं एका बाईकडे बोट दाखवून हसत होती, "ते पाह्य, बेवड्या फौजीची पोरगी." रेणू होती ती. आता तिच्याच पोरी लग्नाच्या वयाला आल्या. जानराव घरी आला तो जेवला नाही. आठ दिवसांनी त्यानं एका लाकडाच्या वखारीतून भंगारात निघालेला फौजेचा जुना ट्रक ओढून आणला. त्याच जातीचा, शक्तिमान. उभं वर्ष तो त्याच्या खाली पडून होता. चहा द्यायला गेलं की नुसते पाय दिसायचे.

ट्रक सुरू झाला अन माझा पोरगा हरीओम, जो शेलूबाजारला जीपा भाड्यानं देतो, त्याच्या डोक्यात कल्पना आली. कल्पना काकानंच हळूच त्याच्या डोक्यात सोडली होती, पण हरीओमला अजून वाटतं ती त्याचीच. पटाच्या मैदानावर, जिथं माघात शंकरपट भरतो अन बैलजोड्या पळतात, तिथं शनिवार-रविवार जुन्या गाड्यांचा अन फौजी आठवणींचा मेळा भरवायचा. जिल्ह्यातले सगळे माजी सैनिक बोलवायचे. जुन्या गाड्या पटावरून पळवायच्या.

परवानगीसाठी दोन महिने हेलपाटे झाले. एका साहेबानं विचारलं, "रणगाडा येऊन राह्यला का? रणगाडा असंल तर अर्ज वेगळा." हरीओम म्हणाला, नाही साहेब, एक ट्रक आहे अन काही म्हातारे आहेत. म्हाताऱ्यांना परवानगी लागत नाही असं निघालं.

बॅनर छापलं तेव्हा जानराव म्हणाला, वर हरिसिंगचा फोटो पाहिजे. हरीओमनं टाकला. ललिताबाईला अन तांड्याला बोलावणं गेलं. सदतीस वर्षांत पहिल्यांदा कोणी तिच्या नवऱ्याचं नाव बॅनरवर घातलं होतं. तिचा निरोप आला की दोन जीपा भरून आम्ही येतो.

मी जानरावला गाठलं. "काय ठरवलं भाऊजी?"

"रविवारी माईकवर सांगतो."

"बह्याड झाले का? आधी तिले एकटीले सांगा. बाई हाय ते. सत्कार घ्याले येऊन राह्यली."

"गावासमोर नाव गेलं वयनी, गावासमोरच वापस आनतो. पन आधी तिले गाडीत बाजूले बसवून एक चक्कर मारतो. त्या सीटवर कोनी बसल्याशिवाय माह्या तोंडातून शब्द नाई निघनार."

मी आणखी सल्ला दिला नाही. परसात दिलेल्या सल्ल्याचंच फळ अजून समोर होतं.

शनिवार चांगला गेला. कारंजाचे फूलचंदशेठ आजोबांच्या काळची मॉरिस गाडी घेऊन आले. गाडी काळीभोर, शेठ गोरेपान, दोघांनाही ढकलून मैदानात आणावं लागलं. "हवालदार, हे गाडी अन मी एकाच साली घरात आलो," ते म्हणाले. "दोघांचाही स्टार्टर गेला." जावा अन राजदूत मोटारसायकली होत्या, एका गुरुजींची सायकलसुद्धा होती, कारण तिच्यावर युद्धाच्या काळात टपाल वाटलं होतं म्हणे. माजी सैनिक जुने कोट घालून आले. बऱ्याच जणांची बटणं लागत नव्हती, पण मेडल सरळ होते. एका टेबलावर तामचिनीचे मग, पाण्याच्या बाटल्या, घरून आलेली पत्रं मांडली होती. लेकरं बिगुल फुंकून फुंकून लाल झाली. जानराव सगळीकडे फिरत होता, हात पुसत होता.

संध्याकाळी फूलचंदशेठ रुमालानं मॉरिस पुसत कोणाला तरी म्हणाले, "सगळं झकास, पन धूळ लय हो तुमच्या मैदानात."

हे रूपलानं ऐकलं. रूपला पटाच्या मैदानाची राखण करणारा. तीस वर्षं हे मैदान त्याच्या हातचं. शंकरपटाच्या आधी बैल ज्या पट्टीवरून पळतात ती तो वखरतो, ढेकळं फोडतो, वर पाणी मारतो. माती लोण्यासारखी मऊ झाली म्हणजे बैलांच्या खुरांना लागत नाही अन धूळ उडत नाही. पाहुणे धूळ खाऊन गेले हे त्याच्या जिवाला लागलं. रविवारी दिवस उगवायच्या आत त्यानं सगळी पट्टी वखरली अन दोन टँकर पाणी मारलं. कोणाला न विचारता. बैलांसाठी करतो ते माणसांसाठी का नाही करायचं? वरून कोरड्या मातीचा हातही फिरवला, म्हणून पाहणाऱ्याला मैदान नुसतं सावळं अन देखणं दिसलं.

दहा वाजता तांड्याच्या जीपा आल्या. ललिताबाई उतरली. साठीची बाई, सरळ पाठीची, डोक्यावरून पदर. रेणूच्या हातात हरिसिंगचा फ्रेम केलेला फोटो. जानरावनं हात जोडले.

"लय वर्षांनी दिसले, दादा," ती म्हणाली. "पेटी देऊन गेल्यावर पुन्हा तोंड नाई दाखवलं."

"चुकलं, बाई."

त्यानं तिला ट्रकमध्ये हात देऊन चढवलं. तिला वाटलं सत्काराचा भाग आहे. बँड सुरू झाला. हिरवा ट्रक पुढे, मागे मॉरिस, मागे मोटारसायकली. दोन्ही बाजूंनी दोऱ्या धरून लोक उभे. मी अगदी पट्टीच्या तोंडाशी होते, खुर्ची दिली होती तरी उभीच.

ट्रक पट्टीवर चढला अन पन्नास पावलं गेला असेल. काळ्या मातीत पाणी मुरलेलं, वरून ते वजन. डावी चाकं अशी खाली गेली जसं कोणी खालून ओढलं. ट्रक डावीकडे कलला. लय नाही. एखादी म्हैस चिखलात बसते तेवढाच. त्यात भ्यावं असं काही नव्हतं.

पण जानरावनं दार उघडून उडी टाकली.

अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण कशी टाकली ते मी पाहिलं. विचार करून कोणी तशी उडी टाकत नाही. तो चिखलात गुडघ्यांवर पडला, इंजिन धचका देऊन बंद झालं, अन वर कललेल्या गाडीत ललिताबाई एकटी, समोरच्या लोखंडी दांडीला धरून.

लोक आधी हसले. "हवालदार पळाला रे!" कोणी शिटी मारली. रेणू "याडी, याडी" करत आईकडे धावली. बँडवाल्यांना काही कळलं नाही, ते वाजवतच होते.

ललिताबाई हसत नव्हती अन भ्यालीही नव्हती. ती उघड्या दारातून खाली जानरावकडे पाहत होती. मी चपला हातात घेऊन चिखलातून तिथं पोचले तेव्हा ती बोलली.

"दादा, त्या दिवशी बी तुमी असेच उतरले का?"

जानराव उठला नाही. "हाव."

"गाडी कोन चालवत होतं?"

"मी."

"अन तो?"

"झोपून होता. ताप होता त्याले."

"पेला होता?"

"थेंब नाई, बाई. थेंब नाई."

मग ललिताबाई रेणूला म्हणाली, पण ऐकवत होती ती आम्हाला. "तू झाली तवा त्यानं पोहरादेवीत शपथ घेतली होती, दारूले शिवनार नाई. मी सांगितलं साऱ्याले. सासूले सांगितलं, तांड्याच्या नायकाले सांगितलं. मले म्हने, नवरा मेला म्हनून तुह्या डोक्यावर परिणाम झाला."

कोणाचा हात न धरता ती उतरली. जानरावचं मनगट धरलं अन त्याला उठवलं. चिखलातून त्याला ओढत स्टेजकडे नेलं, जसं बाजारात हरवलेलं पोर सापडल्यावर आई नेते, पण त्यात माया नव्हती. हरीओमला अजून वाटत होतं सत्कारच आहे, त्यानं शाल उघडली.

"शाल राहू दे," ललिताबाई म्हणाली. "माईक दे याच्या हातात."

जानरावनं सांगितलं. आवाज फाटत होता, पण सगळं सांगितलं. पारी, ताप, डोळा लागणं, उडी, साहेबाला दिलेलं उत्तर, तांड्यात खाली घातलेली मान. मैदानात भजी तळायचा आवाज तेवढा ऐकू येत होता. माजी सैनिकांच्या रांगेतून एक सुभेदार उठले. "माईक बंद करा. फौजेची बदनामी होऊन राह्यली."

ललिताबाई वळली. "साहेब, माह्या माणसाची सदतीस वर्षं झाली. तवा तुमी कुठं होते?"

सुभेदार बसले. मग पुन्हा उठले अन निघून गेले. त्यांच्या मागं आणखी सहा-सात जण गेले. फूलचंदशेठ गेले नाहीत. ते मॉरिसमध्ये जाऊन काचा वर करून बसले.

तांड्याच्या माणसांपैकी कोणीही जानरावच्या अंगावर गेलं नाही. त्यातला एक जण रडत होता. मला वाटलं आता संपलं, बाईनं ऐकलं, गावानं ऐकलं. ललिताबाई जीपमध्ये चढता चढता म्हणाली, "बाकीचा तांडा घरीच हाय. उद्या सकाळी येजा."

मेळा तिथंच मोडला. एकही गाडी पट्टीवर पळाली नाही. दुपारी रूपलानं पटाच्या दोन बैलजोड्या आणून ट्रक बाहेर ओढला अन तो स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होता. "मी पानी नसतं मारलं तर हे झालंच नसतं!" त्याला काय सांगावं? हरीओम काकावर इतका ओरडला की त्याचा घसा बसला. "बॅनरवर माह्यं नाव हाय काका! लोक उद्या माह्या गाडीत बसतीन का?" जानराव म्हणाला, "नाई बसले तर मी काय करू सांग, ते करतो." हरीओमनं अजूनही काकाशी बोलणं टाकलेलं आहे.

सोमवारी सकाळी मीच म्हटलं, मी येते. जानराव गाडी काढत नव्हता. आम्ही काळीपिवळीत बसून गेलो.

ललिताबाई तांड्याच्या तोंडाशी उभी होती. मला वाटलं नायकाच्या ओट्यावर सगळ्यांना गोळा करेल, एकदा सांगून होईल. तसं नव्हतं. ती म्हणाली, "त्या टायमाले बदनामी घरोघरी गेली. आता हे बी घरोघरी जाईन." अन पहिल्या दाराची कडी वाजवली.

एकेक दार. बाई बाहेर यायची, म्हातारा बाहेर यायचा, सून चुलीवरचं सोडून यायची. ललिताबाई म्हणायची, "सांग." जानराव सांगायचा. काही जणांनी हात जोडले. एका पोरानं शिवी दिली अन दार लावलं. एकीनं चहा आणला तर ललिताबाई म्हणाली, नंतर. सोमला, ज्यानं रमचं विचारलं होतं, तो आता नव्वदीचा अन ठार बहिरा. त्याच्या कानाशी जाऊन जानरावला ओरडावं लागलं. "मी चालवत होतो! हरिसिंग पेला नव्हता!" म्हातारा म्हणे, कोन पेला? पुन्हा ओरडला. तिसऱ्यांदा ओरडला तेव्हा साऱ्या गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. सोमलाला कळलं. तो जानरावकडे नाही, ललिताबाईकडे पाहत राहिला, अन हळूहळू हात पुढे करून तिचे पाय शोधायला लागला. ती मागं सरकली.

दहाव्या-बाराव्या घरानंतर जानरावचा आवाज गेला. ललिताबाईनं तांब्याभर पाणी दिलं. तो पिऊन झाल्यावर म्हणाली, "चाला."

मी मागं मागं चालत होते, पदर तोंडाला लावून. एका दारात एक तरुण सून उभी होती. तिनं जानरावचं ऐकून घेतलं अन माझ्याकडे पाहून विचारलं, "हे आजी कोन?"

"याची भावजय," ललिताबाई म्हणाली.

मी गप्प राहिले असते तर चाललं असतं. कोणी विचारलंच नव्हतं. मी पदर खाली केला.

"मले बी माहीत होतं, बाई. अकरा वर्षं झाले. यानं मले सांगितलं होतं. मीच म्हनलं, राहू द्या."

ललिताबाईनं माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून ती माझ्याशी एका शब्दानं वाईट बोलली नव्हती. मला वाटलं आता बोलेल.

"मंग मागून काहून चालता?" ती म्हणाली. "पुढं या."

मी पुढे झाले. पुढच्या दाराची कडी मी वाजवली. आधी जानराव बोलला, जेवढा आवाज उरला होता तेवढ्यात, मग मी. त्या दिवशी तेवीस घरं झाली. उरलेली चाळीस मंगळवारी करायची असं ललिताबाईनं ठरवलं अन आम्हाला काळीपिवळीपर्यंत सोडायला आली.